जगात जर्मनी, वळिवड्यात पोलंड!

‘मी परभणीची’ असं म्हटलं की समोरचा एक डायलॉग मारतोच. ‘अरे वा! जगात जर्मनी, भारतात परभणी!’ पुण्यात पहिल्यांदा आले तेव्हा हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी मारला, मास कॉमच्या ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत मारला गेला, आणि एकदा तर एका डेंटिस्टनं माझा जबडा उघडा असताना मारला. तेव्हा साधं कसनुसं हसताही आलं नाही. या म्हणीचा उगम काय, असं परभणीत दहा जणांना विचारा, बारा गोष्टी ऐकायला मिळतील. आम्ही मात्र ती कॉलर ताठ करून मिरवतो.

गेल्या जानेवारीत या म्हणीच्या शेजारीच मला एक तिसरा देश सापडला. पोलंड. तोही कुठे, तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात! आणि तो बघायला मी सोबत नेलं आईला, जिच्या जगाच्या नकाशावर परभणी सोडून तुळजापूर, पंढरपूर आणि ‘तुमचं ते पुणं’ एवढीच गावं आहेत.

खरं सांगायचं तर या ट्रिपमागे माझा डाव होता. बाबा २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून आई वसमत रोडच्या आमच्या घरात एकटी. मी फ्रीलान्सर. या महिन्यात चेक आला तर पुढच्या महिन्यात येईलच असं नाही. तरी मागच्या वर्षी हिंमत करून वाकडला टू बीएचके भाड्यानं घेतला. एक बेडरूम तिच्यासाठी. पडदे तिच्या आवडीचे, खिडकीत तुळस, टीव्हीला सगळे मराठी चॅनेल. आई येते, चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारते, ‘तिकीट कधीचं काढलंस?’

का? तर म्हणे, भिशी आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी आयुष्यात एसआयपीशिवाय दुसरं काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. भिशी म्हणजे ठरावीक बायकांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम ‘उचलायची’. एकदा उचलली की त्या फेरीत तिची चिठ्ठी बाद, पण पैसे मात्र शेवटपर्यंत भरत राहायचे. व्याज नाही, सही नाही, वकील नाही. पळून गेलीस तर? ‘कुठं जाईल पळून? तिची इडलीपात्रं माझ्याकडं आहेत,’ हे आईचं उत्तर. हे ऐकल्यावर बँकवाल्यांच्या केवायसीचं मला काही वाटेनासं झालंय.

आमच्या कॉलनीतली भिशी मी पाळण्यात असताना सुरू झाली. तेव्हा पन्नास रुपये होते, आता हजार. बायका सोळा. कुणी सेलूची, कुणी जिंतूरची, कुणी पार नांदेडहून लग्न होऊन आलेली. नवरे कृषी विद्यापीठात, जिल्हा परिषदेत नाहीतर एसटीत. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ झालं आणि गावाच्या कडेनं अशा नोकरदारांच्या कॉलन्या उगवत गेल्या. घर नवीन, गाव नवीन, माहेर परगावी आणि सासूबाई गावाकडं. म्हणजे या सोळाही जणी तशा उपऱ्याच. बाळंतपणात डबा कोण देणार, मूल आजारी पडलं तर रात्री रिक्षा कोण शोधणार, याची सोय त्यांनी भिशीच्या निमित्तानं करून घेतली. पैसे हा बहाणा होता की डबा हा बहाणा, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

माझ्या मास कॉमच्या पहिल्या वर्षाची फी भिशीच्या पैशातून गेली. आमचा फ्रिजही त्यातलाच. आणि बाबा ॲडमिट होते तेव्हा, भिशीत आमचं नाव त्या फेरीत आधीच लागून गेलेलं असताना, पंधराही जणींनी पुढच्या तीन महिन्यांचे पैसे एका दिवसात गोळा करून आईच्या हातात दिले होते. लॉकडाऊन होता. पिशवी गेटला अडकवून निघून गेल्या. बाबा काही वाचले नाहीत. त्या पैशांबद्दल आईनं मला वर्षभरानं सांगितलं, तेही दुसरं काहीतरी सांगता सांगता.

तर माझा डाव असा होता, की तिला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं, सोबत माझी एक स्टोरी करायची आणि परतीच्या प्रवासात पटवायचं की बाई गं, आता भिशी पुरे, पुण्याला चल. परभणीहून कोल्हापूरला जायला पळसा-पळसाचे तीन बदल करावे लागत नाहीत. नागपूरहून येणारी गाडी आहे. परळी, लातूर, पंढरपूर, मिरज असं करत थेट नेते. आईनं दशम्या घेतल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि भिशीची वहीसुद्धा घेतली. ‘अगं, ती कशाला?’ तर म्हणे, पाच तारीख जवळ आलीय.

गाडीत मी तिला वळिवड्याची गोष्ट सांगायला लागले. आधी नुसतंच ‘हूं’ होतं. मग ती उठून बसली.

गोष्ट अशी. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला हे आपण शाळेत घोकलंय. सतरा तारखेला दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत रशिया घुसला हे मात्र आपण पेपर झाल्यावर विसरतो. पूर्व पोलंड रशियानं घेतला आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात पाठवायला सुरुवात केली. दार वाजायचं ते रात्री. हातात लागेल ते गाठोडं बांधायचं आणि निघायचं. एप्रिल १९४० च्या खेपेत तर प्रामुख्यानं बायका-मुलंच होती. त्यांचे नवरे आधीच कैदेत गेलेले. या बायकांनी जंगलात लाकडं तोडली, शेतावर राबल्या. कितीतरी जणींनी तिथंच मुलं पुरली.

‘अन् मग?’ आई.

मग १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि गणित बदललं. पोलंडचं लंडनमधलं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैद्यांना सोडायचं ठरलं. जनरल अँडर्स यांनी या सुटलेल्या पुरुषांमधून फौज उभी केली आणि तिच्या मागोमाग बायका, मुलं, म्हातारी माणसं मिळेल त्या गाडीनं दक्षिणेकडे सरकत राहिली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणला पोचली. तिथून पुढे कुठे? युरोप पेटलेला. मग कुणी आफ्रिकेत गेलं, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला. आणि काही हजार जण कराचीमार्गे भारतात.

भारतातला पहिला दरवाजा जामनगरच्या जामसाहेबांनी उघडला. दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना ठेवून घेतलं. ही गोष्ट बऱ्यापैकी गाजलीय. पण सगळ्यात मोठी पोलिश वस्ती आपल्या महाराष्ट्रात होती, कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे गावाच्या शिवारात. १९४३ च्या मध्यावर ती वसली आणि १९४८ च्या सुरुवातीपर्यंत टिकली. माणसं जवळजवळ पाच हजार.

‘पाच हजार!’ आईनं आकडा पुन्हा म्हटला. ‘अन् गडी माणसं?’

‘फौजेत. वस्तीत बहुतेक बायका-मुलंच.’

वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि भाऊ तेव्हा अँडर्सच्या फौजेतून इटलीच्या आघाडीवर होते. मॉन्टे कॅसिनोचा तो प्रसिद्ध डोंगर मे १९४४ मध्ये पोलिश तुकड्यांनी जिंकला. इटलीतच आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीही लढत होती. म्हणजे बघा, इकडच्या खेड्यातला शिपाई तिकडे आणि तिकडच्या शिपायाची बायको इकडे!

आईला मॉन्टे कॅसिनोत अजिबात रस नव्हता. ‘पाच हजारांचा स्वयंपाक कोण करायचं?’ असं तिनं विचारलं.

आणि हा प्रश्न, मी सांगते, माझ्या सगळ्या तयारीतल्या प्रश्नांपेक्षा भारी होता. कारण वळिवड्याची खरी गंमत तिथेच आहे. तिथे एकच मोठा भटारखाना नव्हता. बराकींमध्ये प्रत्येक कुटुंबाला आपापली जागा होती, चुलीची सोय होती, पोलिश सरकारकडून महिन्याचा भत्ता होता. त्यातून बाजार करायचा आणि आपलं आपण शिजवायचं. तीन वर्षं दुसऱ्याच्या हातचं, तेही मिळालं तर, खाल्लेल्या बाईला स्वतःच्या चुलीपुढं बसायला मिळणं... आई यावर काही बोलली नाही. दशमीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘खा. गार व्हायली.’ ती परभणीपासूनच गार होती.

सकाळी मिरज गेलं, रुकडी गेलं, पंचगंगा ओलांडली. आणि वळिवड्याचं छोटंसं स्टेशन खिडकीतून सर्रकन मागे पळालं. आमची एक्स्प्रेस तिथे थांबली नाही. पाच हजार माणसांचं जग ज्या रुळांच्या आधारानं उभं राहिलं ते बघायला आम्हाला साधारण पंधरा सेकंद मिळाले. आईनं तेवढ्यात हात जोडले. मी म्हटलं, ‘अगं, देऊळ नाहीये ते.’ ‘असू दे,’ म्हणाली.

कोल्हापुरात अंबाबाई झाली, मिसळ झाली (आईच्या मते तर्री ‘उगी नावाला’ होती, आता बोला!) आणि आम्ही रिक्षानं गांधीनगरला निघालो. आठ-दहा किलोमीटरचा रस्ता. रिक्षावाल्या दादांना ‘पोलिश कॅम्प’ म्हटल्यावर त्यांनी एकदा वळून बघितलं. ‘कापड घ्यायला न्हाई व्हय?’ कारण गांधीनगर म्हणजे होलसेल कापडबाजार. साड्या, ड्रेस मटेरियल, चादरी, लग्नाचा बस्ता. कोल्हापूर, सांगली, पार कोकण-कर्नाटकातून लोक खरेदीला येतात.

आता हे गांधीनगर मधेच कुठून आलं? तर १९४७ ला फाळणी झाली. पोलिश लोक निघायच्या बेतात होते आणि सिंधमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. रिकाम्या होत चाललेल्या बराकींत सिंधी कुटुंबं आली. एक निर्वासित उठला आणि त्याच चुलीपुढं दुसरा बसला! पुढे त्या वस्तीचं गांधीनगर झालं, बराकींची दुकानं झाली, दुकानांची मार्केटं. आज तुम्ही त्या गल्ल्यांतून फिरलात तर मॅनिक्विन, सेलचे बोर्ड आणि टेम्पोच्या मधूनच एखादी जुनी कौलारू ओळ दिसते. तेवढाच पोलंड शिल्लक आहे. फोटोग्राफरनं काय काढावं असा प्रश्न पडेल इतकाच.

पण डोळे मिटून उभं राहिलं की थोडं दिसतं. ओळीनं बराकी. चर्च. प्राथमिक शाळा, हायस्कूल, शिक्षिका तयार करणारे वर्ग. दवाखाना, पोस्ट, नाटकासाठी रंगमंच, सिनेमा, स्काउट्सच्या पथकांची शिट्टी. पोलिश सहकारी दुकानं, शिवणकामाच्या कार्यशाळा. मुंबईतल्या पोलिश कॉन्सुलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का पोलिश रेड क्रॉसतर्फे या सगळ्यांसाठी धावपळ करत होत्या. वांदा दिनोव्स्का नावाची एक थिऑसॉफिस्ट पोलिश बाई होती, भारतात उमादेवी म्हणून ओळखली जाणारी, गांधीजींच्या वर्तुळातली. तिनं वस्तीतल्या पोरांना हा देश नेमका आहे काय ते सांगायचं मनावर घेतलं. शिकवणाऱ्या बायका, शिवणाऱ्या बायका, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायका. एक गाव, जे जवळजवळ बायकांनीच चालवलं. आसपासचे भाजीवाले, दूधवाले त्यांच्या दारात जायचे आणि मोडकंतोडकं पोलिश बोलायचे, असं सांगतात. धंद्याला भाषा आडवी येत नाही हे गांधीनगरात आजही कळतं. आईशी तिथला सिंधी दुकानदार जी मराठी बोलला, ती ऐकून मी कोल्हापूर विसरले.

हो, आई एव्हाना दुकानात शिरली होती. संक्रांतीचं हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, वाण लुटायचं बाकी होतं आणि होलसेल भावात ब्लाउजपीस समोर दिसत होते. मी इतिहास शोधत उन्हात फिरतेय आणि ही एसीत बसून सोळा पीसचा भाव करतेय! दुकानातल्या सिंधी आजोबांना मी विचारलं, तुमचं कुटुंब कॅम्पातच उतरलं का? ते म्हणाले, त्यांचा जन्म नंतरचा, पण आई सांगायची की बराकीच्या भिंतीवर आधीच्या बाईनं ठोकलेले खिळे होते. ते तिनं काढले नाहीत. वापरले. माझी आई तेव्हा पिको-फॉलचं बोलत होती. पण तिनं ऐकलं होतं, कारण रात्री लॉजवर म्हणाली, ‘खिळे बी सोडून गेल्या बिचाऱ्या.’

वळिवड्यात २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभा राहिला. कोल्हापूर शहरात महावीर उद्यानात त्याआधीपासून एक स्मारक आहे. तिथे पोलंडहून, इंग्लंडहून एकेकाळची ‘वळिवड्याची मुलं’ म्हातारी होऊन येत राहिली. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकालाही गेले आणि एका दिवसात वळिवडे ब्रेकिंग न्यूजमध्ये आलं. सगळीकडे कोल्हापूरचं मोठं मन, राजघराण्याचं औदार्य, दोन देशांची मैत्री. ते खरंच आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण स्तंभापुढं उभी राहून मला आईच्या वहीची आठवण येत होती. कुणी कुणाचं मूल सांभाळलं, कुणाचं पत्र येईना म्हणून तिच्यासोबत रात्री कोण बसलं, हे स्तंभावर कुठे कोरणार?

आणि त्या बायकांच्या वाट्याला पुढे काय आलं ते ऐका. युद्ध संपलं, ‘आपली’ बाजू जिंकली. पण याल्टाच्या बैठकीत मोठ्या देशांनी नकाशावर रेघ सरकवली. ज्या पूर्व पोलंडमधून यातल्या बहुतेक जणींना उचललं होतं, तो भाग सोव्हिएत युनियनमध्येच राहिला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली. ज्या सरकारच्या जिवावर वळिवडे चालत होतं ते सरकारच कागदोपत्री उरलं नाही! जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेली. घर जागेवर होतं, देशच सरकला होता. १९४६ मध्ये बालाचडीची वस्ती बंद झाली, तिथली मुलंही वळिवड्याला आली. मग हळूहळू पांगापांग. कुणी पोलंडला परत गेलं, पुष्कळ जणी फौजेतून सुटलेल्या नवऱ्यांकडे इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला. एक पोलिश तरुणी कोल्हापूरच्या डॉक्टरांशी लग्न करून इथलीच होऊन गेली. बाकीच्या आल्या तशाच गाठोडी बांधून गेल्या. फक्त या वेळी स्टेशनवर निरोप द्यायला माणसं होती.

लंडनमध्ये त्यांनी ‘भारतातले पोलिश’ अशी संघटना काढली, म्हातारपणापर्यंत भेटत राहिले, सगळ्यांच्या आठवणी गोळा करून जाडजूड पुस्तक केलं. भारतात काढलेली चार-पाच वर्षं त्यांना आयुष्यभर पुरली.

पोलिश बायका आणि एकमेकींना धरून राहणं, हे काही वळिवड्यातच सुरू झालं नाही म्हणा. १८९८ मध्ये शिकागोत स्टेफानिया ख्मिएलिन्स्का नावाच्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका स्थलांतरित बाईनं पुढाकार घेतला आणि पोलिश बायकांची स्वतःची संस्था उभी राहिली. पोलिश पुरुषांच्या मोठ्या संस्थेत तेव्हा बायकांना बरोबरीचं सभासदत्व नव्हतं. मग या म्हणाल्या, ठीक आहे, आमचं आम्ही बघतो! थोडेथोडे पैसे गोळा करायचे, सभासद गेली तर तिच्या घरच्यांना रक्कम द्यायची. म्हणजे विमाच. पुढे स्वतःचं वृत्तपत्र काढलं, नाव ‘ग्लोस पोलेक’, अर्थात ‘पोलिश बायकांचा आवाज’. संस्था इतकी वाढली की नंतरच्या काळात तिचं ऑफिस शिकागोच्या पार्क रिज या टापटीप उपनगरात गेलं. अलीकडे ती स्लोव्हाक कॅथलिक महिलांच्या एका मोठ्या विमासंस्थेत विलीन झाली. नाती अमेरिकन झाली, त्यांना ऑफिसातून मेडिक्लेम मिळायला लागला. मग आज्यांची भिशी कोण चालवणार?

हे मी आईला लॉजवर सांगितलं ते मुद्दाम. माझ्या डावातली ती पहिली चाल होती. म्हटलं, ‘बघ, प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. तुमच्या सोळांतल्या पाच जणी आत्ताच मुलांकडे असतात. एक बंगळुरूला, एक तर डायरेक्ट कॅनडात.’

‘ती कॅनडावाली पैसे पाठवती,’ आई म्हणाली. ‘तुझ्या त्या जीपेवर नाही, तिच्या भावाकडून. पण पाच तारीख चुकत नाही तिची.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा वळिवड्याकडे गेलो, स्टेशन पायी बघायला. वाटेत उसाचा फड लागला. जानेवारी म्हणजे गाळप जोरात. कडेला कोप्या होत्या, उसाच्या वाढ्यांच्या आणि प्लास्टिकच्या. एक बाई बाहेर भाकरी थापत होती. तिची हाक कानावर आली, ‘ए पोरी, तिकडं कामून जायलीस?’ हाक तिच्या लेकीला होती, पण थांबलो आम्ही दोघी. ‘कामून’! कोल्हापूरच्या शिवारात हा शब्द ऐकला की परभणीचा माणूस जागेवर वळतो.

गंगाखेड तालुक्यातली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत तोडणी. दिवाळीनंतर यायचं, उन्हाळ्यात परतायचं. मला एकदम चमकून गेलं, की भिशीतही ‘उचल’ आणि इथंही ‘उचल’. शब्द तोच. पण एका उचलीत बाई मोकळी होते आणि दुसरीत बांधली जाते. कोप्यांमध्ये एक म्हातारी मागे ठेवलेली असते, ती सगळ्यांची लहान पोरं बघते, बाकीच्या पहाटे फडात. त्या म्हातारीला काय देता, असं मी पत्रकारासारखं विचारलं. ती बाई हसली. ‘देयाचं काय? तिची भाकर आमच्यात.’

आई तिच्याजवळ उकिडवी बसली. दोघींनी गंगाखेडची, गोदावरीच्या घाटाची, जनाबाईच्या मंदिराची चौकशी एकमेकींकडे केली, जणू दोघी कालच तिथून आल्यात. मी घड्याळ बघत उभी. उठताना आईनं पिशवीतून एक ब्लाउजपीस काढला, तिला हळदी-कुंकू नव्हतं म्हणून नुसताच हातात ठेवला. मोतिया रंगाचा. तो तिनं स्वतःसाठी घेतला होता.

तुम्हाला जायचं असेल तर कोल्हापूर स्टेशनवरून रिक्षा किंवा केएमटीची बस घ्या, गांधीनगरला उतरा. सकाळी जा, दुपारनंतर मार्केटमध्ये चालायला जागा राहत नाही. महावीर उद्यानातलं स्मारक आधी बघा, म्हणजे वळिवड्यात काय शोधायचं ते कळेल. ‘पोलिश कॅम्प’ विचारलंत तर जुनी माणसं सांगतात, नवी माणसं साडीच्या दुकानात नेतात. दोन्ही ठिकाणी जा.

परतीच्या गाडीत मी माझा हुकमी पत्ता टाकला. ‘आई, तिकडे तू एकटी असतेस. मला रात्री झोप लागत नाही.’

ती खिडकीबाहेर बघत होती. पंढरपूर यायचं होतं. ‘तुझ्या बिल्डिंगीत,’ तिनं शांतपणे विचारलं, ‘समोरच्या दाराआड कोण ऱ्हातं?’

मला माहीत नव्हतं. दोन वेळा लिफ्टमध्ये ‘हाय’ झालंय. कुत्रं आहे त्यांच्याकडे, एवढं नक्की. कुत्र्याचं नाव मला माहितीये, बिस्किट.

‘रात्री बेरात्री काही झालं तर फोन कोणाला करशील?’

‘ॲम्ब्युलन्सला.’

‘त्याच्यानंतर?’

मी मोबाइल काढून उगीचच स्क्रोल करत बसले. थोड्या वेळानं आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पाच तारीख होती. पलीकडे आमच्याच कॉलनीतला कुणाचा तरी हॉल, चिवड्याच्या प्लेटा, स्टीलचा डबा आणि सगळ्यांचा एकदम गलका. आईनं खिडकीला टेकून वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं. कुणाच्या तरी नातवानं चिठ्ठी काढली. गाडीच्या आवाजात मला नाव ऐकू आलं नाही. आईनं खूण केली, ‘बरं झालं, तिच्या सुनेचं सिझर हाय पुढच्या आठवड्यात.’

फोन ठेवल्यावर तिनं वहीचं पान उलटलं. नव्या फेरीची यादी करायची होती. सोळा नावं एकाखाली एक लिहिली, मग पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि सतरा आकडा घातला. त्यापुढे माझं नाव. माझं लाडाचं नाही, आधार कार्डावरचं.

‘पुढच्या महिन्यापासून तुझे बी हजार,’ म्हणाली. ‘अन् चिठ्ठी निघाली की यावं लागतं. कॅनडावालीला सवलत आहे, पुण्याला नाही.’

वाकडच्या दुसऱ्या बेडरूममध्ये सध्या मी कपडे वाळत घालते. घरमालक मार्चमध्ये भाडं वाढवणार आहे. समोरच्या दारावर मी परवा तिळगूळ घेऊन गेले होते. उशीरच झाला होता, रथसप्तमीही उलटून गेलेली. बिस्किट खूप भुंकला.